गल्ला छापता, मग खर्चही छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

सोमवारच्या अंकात सिनेमाच्या पानावर तुम्ही तो एक चौकोन देता ना, कुठल्या पिक्चरने तीन दिवसात किती गल्ला जमवला त्याचा, त्याबद्दल लिहितोय. मी तो न चुकता वाचतो, पिक्चर बघायचा असो वा नसो. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात गेली, त्यामुळे जमेचा आकडा दिसला की नजर आपोआप पलीकडे खर्चाच्या रकान्याकडे जाते, आणि तुमच्या चौकोनात पलीकडे काहीच नसतं. नुसती जमा. सगळ्यात मोठा आकडा वर, मग उतरत्या क्रमाने बाकीचे, आणि तळाला बारीक टायपात एखादा मधल्या बजेटचा सिनेमा, ज्याच्यापुढे "संथ सुरुवात" असं लिहून तुम्ही मोकळे. आता वरच्याला वीस कोटी डॉलर लागलेत आणि खालच्याला दोन कोटी, हे वाचणाऱ्याला कळायचं कसं? त्याला वाटतं वरचा पास, खालचा नापास, आणि मग तो खालचा बघायला जातच नाही.

तर माझी मागणी एवढीच, गल्ल्याच्या शेजारी खर्च छापा. पुढे जे लिहिलंय ते "का छापा" याचं स्पष्टीकरण आहे, जरा लांबलंय, काटछाट करायला माझी हरकत नाही.

हा घोळ काही आजचा नाही. १९६३ ला एलिझाबेथ टेलरचा 'क्लिओपात्रा' आला. त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त गल्ला त्याचाच, म्हणजे तुमचा चौकोन तेव्हा असता तर साहेब वरच्या ओळीत ठाण मांडून बसले असते. आणि त्याच पिक्चरने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससारखी कंपनी जवळपास बुडवली होती. खर्च तीन कोटी डॉलरच्या पुढे गेला, ते पण त्या काळातले तीन कोटी, लंडनला भलेमोठे सेट उभे केले, ते सोडून दिले आणि रोमला जाऊन परत नव्याने उभे केले, दिग्दर्शक बदलला, हिरो बदलले, टेलरबाईंचं आजारपण झालं ते वेगळंच. पुढे टीव्हीचे हक्क विकले गेले तेव्हा कुठे वही जुळायला लागली. वर्षाचा सगळ्यात "हिट" पिक्चर आणि कंपनी मालमत्ता विकतेय, हे एकाच वेळी खरं असू शकतं ही गोष्ट गल्ल्याच्या आकड्यातून कधीच दिसत नाही.

आता गल्ला म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण मेख इथे आहे. गल्ला म्हणजे लोकांनी तिकीट खिडकीवर दिलेले पैसे, निर्मात्याच्या खिशात गेलेले नव्हे. त्यातले साधारण निम्मे थिएटरवाल्याकडे राहतात, कुठे कमी कुठे जास्त. चीनमध्ये तर परदेशी स्टुडिओच्या हातावर पंचवीस टक्क्यांच्या आसपासच टेकवतात. २०१६ चा 'वॉरक्राफ्ट' घ्या, खर्च १६ कोटी डॉलर आणि जगभरातला गल्ला जवळपास ४४ कोटी, कागदावर काय झकास दिसतं, पण त्यातला निम्म्याच्या आसपास गल्ला एकट्या चीनचा, म्हणजे त्यातला पाऊण भाग तिथल्या तिथेच राहिला. म्हणून तर एवढा गल्ला जमवूनही त्याचा दुसरा भाग काही निघाला नाही. वर अजून एक, "बजेट" म्हणून जो आकडा सांगतात त्यात जाहिरातीचा खर्च धरलेलाच नसतो. मोठ्या पिक्चरची जगभर जाहिरात करायची तर दहा कोटी डॉलर असेच उडतात, 'बार्बी'च्या वेळी तर पिक्चरच्या खर्चाइतकाच जाहिरातीचा खर्च झाल्याच्या बातम्या होत्या. त्यामुळे धंद्यातली माणसं ढोबळ हिशोब असा करतात की बजेटच्या दोन-अडीच पट गल्ला आला तर पिक्चर जेमतेम बरोबरीला आला समजायचं. २०२३ च्या नव्या 'इंडियाना जोन्स'ला ३० कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला आणि गल्ला आला ३८ कोटी. आपल्या चौकोनात ३८ कोटी डॉलर किती ऐटीत दिसतील बघा. हिशोबाच्या वहीत तो खड्डा आहे.

मला कुणी म्हणेल की काका तुम्हाला मोठे पिक्चर आवडत नाहीत म्हणून हे चाललंय. अजिबात नाही. 'अवतार' मी दोनदा बघितलाय आणि दोन्ही वेळा तोंड उघडं ठेवून. जवळपास २४ कोटी डॉलर घालून २९० कोटींच्या वर काढले त्याच्या दिग्दर्शकाने, जेम्स कॅमेरॉनने. त्याच्याच 'टायटॅनिक'च्या वेळी खर्च वाढत वाढत २० कोटी डॉलरवर गेला तेव्हा भागीदार असलेल्या पॅरामाउंटने आपला हिस्सा साडेसहा कोटींवर बांधून घेतला होता आणि वरचा सगळा भार फॉक्सच्या गळ्यात पडला होता, पिक्चर येईपर्यंत सगळेजण त्यांना हसत होते आणि आल्यावर काय झालं ते जगाला माहितीये. (मी पॅरामाउंटचा हिशोबनीस असतो तर मीपण तेच सांगितलं असतं, आणि नंतर ती फाइल कपाटाच्या मागे टाकली असती.) थिएटरं चालायची तर मधून मधून असे पिक्चर लागतातच, गर्दी झाल्याशिवाय एवढ्या मोठ्या इमारतीचं भाडं आणि वीजबिल निघत नाही. माझी तक्रार मोठ्यांबद्दल नाहीये, एकाच तराजूत दोघांना टाकून फक्त वजन वाचलं जातं त्याबद्दल आहे.

मधल्या बजेटचा पिक्चर म्हणजे काय याची काही व्याख्या नाही, पण हॉलिवूडच्या हिशोबात ढोबळमानाने दीड-दोन कोटी डॉलरपासून सहा-सात कोटींपर्यंत. दोन वकिलांचं भांडण, प्रेमकथा, खुनाचं कोडं, मोठ्या माणसांसाठीची गंभीर गोष्ट, ही सगळी मंडळी इथे राहायची. आता यांची वस्ती उठली त्याचं कारण लोकांची आवड बदलली असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. उरलेलं अर्धं कारण वहीत सापडतं. हॉलिवूडचा नट मॅट डेमनने २०२१ मध्ये एका मुलाखतीत ते फार सोप्या भाषेत सांगितलं होतं, इतकं सोपं की आमच्या ऑफिसमध्ये नव्या पोरांना शिकवायला ठेवावं. समजा पिक्चरला अडीच कोटी डॉलर लागले. तेवढेच जाहिरातीला आणि थिएटरात पोचवायला. झाले पाच. आता जे येईल त्यातलं निम्मं थिएटरचं, म्हणजे हे पाच वसूल करायलाच दहा कोटींचा गल्ला पाहिजे आणि नफा त्याच्या पुढे. एका प्रेमकथेने दहा कोटी डॉलर जमवायचे आणि तेही फक्त खर्च निघायला! पूर्वी हा धोका घेता यायचा कारण सहाएक महिन्यांनी डीव्हीडी यायची आणि पैशाचा दुसरा हप्ता मिळायचा. थिएटरात निम्मंच वसूल झालं तरी चालायचं. तो हप्ता बंद झाला.

यात जाहिरातीची गोष्ट जरा नीट बघण्यासारखी आहे. पिक्चर दोन कोटींचा असो नाहीतर वीस कोटींचा, तो आलाय हे देशभरच्या लोकांच्या कानावर घालायचा खर्च काही दहापट कमी होत नाही. पोस्टर तेवढंच मोठं, टीव्हीवरचे तीस सेकंद तेवढेच महाग. लहानाला जाहिरात अंगावर येते, मोठ्याला ती खर्चात मिसळून जाते. म्हणून मग स्टुडिओवाले म्हणतात एवढी जाहिरात करायचीच आहे तर वीस कोटींच्याच पिक्चरची करू. हिशोब म्हणून बघितलं तर चुकीचं नाहीये ते, फक्त प्रत्येकाने तोच हिशोब केला की सगळ्या पडद्यांवर एकाच जातीचा पिक्चर दिसायला लागतो.

'द शॉशँक रिडेम्प्शन' आठवा. १९९४ ला आला, अडीच कोटी डॉलर खर्च, पहिल्या फेरीत गल्ला दीड-पावणेदोन कोटींच्या आसपास. तुमच्या चौकोनात तळाशीच, आणि "प्रेक्षकांनी पाठ फिरवली" हे ठरलेलं वाक्य. मग ऑस्करची सात नामांकनं मिळाली, कॅसेटच्या दुकानातून लोकांनी तो घरी नेला, टीव्हीवर तो इतक्यांदा लागला की आता आवडत्या पिक्चरच्या कुठल्याही यादीत तो वरच असतो. आज तसाच पिक्चर आला आणि तीन दिवसांत पडला तर त्याला उचलायला कॅसेटचं दुकान नाही, डीव्हीडी नाही, तो कुठल्यातरी ॲपमध्ये पोस्टरांच्या रांगेत जाऊन बसेल. तीन दिवसांचा निकाल हाच शेवटचा निकाल होऊन बसलाय आणि त्या निकालपत्रावर खर्चाचा रकाना नाही, म्हणून एवढा त्रागा.

पडद्यांचं पण सांगतो. २०१७ ला 'स्टार वॉर्स'चा 'द लास्ट जेडाय' आला तेव्हा डिस्नेने अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांना सांगितलं की तिकिटाचे ६५ टक्के आम्हाला द्या आणि चार आठवडे तुमच्या सगळ्यात मोठ्या हॉलमधून पिक्चर हलवायचा नाही. ज्याच्याकडे दहा पडदे आहेत त्याने मान्य केलं. ज्याच्याकडे एकच पडदा आहे, आणि ज्याच्या भागातली सगळी माणसं दीड आठवड्यात पिक्चर बघून मोकळी होतात, त्याने काय करायचं? काहींनी तो पिक्चर घेतलाच नाही. आता त्या महिन्यात एखादा मधला पिक्चर आला असेल तर त्याला मिळणार बाजूचा छोटा हॉल आणि दुपारचा खेळ. दुपारी कोण येतं? मग आकडा कमी. मग तुमचा चौकोन. मग "संथ सुरुवात".

मला सगळ्यात जास्त मजा वाटते ती 'जोकर'च्या दोन भागांची. एकच दिग्दर्शक टॉड फिलिप्स, एकच नट वाकीन फिनिक्स, एकच पात्र. २०१९ च्या पहिल्या भागाला साडेपाच ते सात कोटी डॉलर लागले, म्हणजे चक्क मधल्या बजेटचा पिक्चर, उडणारी माणसं नाहीत, शहर पडत नाही, एक खंगलेला माणूस जिन्यावर नाचतो. गल्ला शंभर कोटी डॉलरच्या वर. मग सगळ्यांना वाटलं आता हात सैल सोडू. २०२४ च्या दुसऱ्या भागाला २० कोटींच्या आसपास खर्च, गल्ला कसाबसा तेवढाच, म्हणजे थिएटरचा वाटा आणि जाहिरात काढली की मोठं भगदाड. दुसरा भाग वाईट होता म्हणून पडला हे मान्य, पण सात कोटींत केला असता तर तोच वाईट पिक्चर एवढ्या जोरात आपटला नसता. पडायचंच असेल तर ओट्यावरून पडावं, गच्चीवरून कशाला.

तसे मधले पण आपटतात हो, ते लपवायचं कारण नाही. खुद्द स्पिलबर्गने स्वतःच्या लहानपणावर 'द फेबलमन्स' केला, ४ कोटी डॉलर खर्च आणि गल्ला साडेचारच्या आसपास. 'द क्रिएटर' ८ कोटींत केला, दिसायला दुप्पट-तिप्पट महाग वाटतो, तरी १० कोटींच्या थोडा पुढे जाऊन थांबला. पण यांच्यामुळे कुठलं दुकान बंद पडलं नाही. आणि २०१२ चा 'जॉन कार्टर' बघा, डिस्नेला एका पिक्चरपायी २० कोटी डॉलरचा तोटा होणार असं जाहीर करावं लागलं आणि महिन्याभरात त्यांच्या स्टुडिओचा प्रमुख पायउतार झाला. त्याच्याही आधी १९८० मध्ये 'हेवन्स गेट'ने चार कोटी डॉलरच्या वर खाल्ले आणि पस्तीस लाखांच्या आसपास परत दिले, आणि ज्यांनी तो काढला ती, चार्ली चॅप्लिनने इतरांच्या जोडीने उभी केलेली युनायटेड आर्टिस्ट्स कंपनी पुढच्या वर्षी विकली गेली. २०१३ मध्ये स्पिलबर्ग जाहीरपणे म्हणाला होता की असे तीन-चार अवाढव्य पिक्चर ओळीने पडले की धंद्याची घडीच बदलेल, आणि त्याचा 'लिंकन' थिएटरऐवजी टीव्हीवर जाता जाता राहिला हेही त्याने तेव्हाच सांगितलं. 'लिंकन'ला साडेसहा कोटी लागले होते आणि गल्ला २७ कोटींच्या वर गेला. स्पिलबर्गला जर हातापाया पडायला लागत असेल तर बाकीच्यांनी कुठे जायचं.

कमी पैशात डोकं कसं चालतं याचं एक उदाहरण देतो आणि मग तुमच्या चौकोनाकडे परत येतो. जपानचा 'गॉडझिला मायनस वन', २०२३ चा. अख्खा पिक्चर दीड कोटी डॉलरपेक्षा कमी पैशात. त्यात इफेक्टचे ६१० शॉट आणि ते करणारी माणसं पस्तीस, दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतः इफेक्टचं काम बघत होते, म्हणजे शॉट बदलायचा तर चिठ्ठ्याचपाट्या नाहीत, खुर्ची वळवून सांगायचं. इफेक्टचं ऑस्कर त्यांनी नेलं, समोर वीस-पंचवीस कोटींवालेही होते. गल्ला ११ कोटींच्या आसपास. वीस-पंचवीस कोटींच्या पिक्चरमध्ये काय होतं, रिलीजची तारीख आधी ठरते, गोष्ट नंतर, शूटिंग संपल्यावर शेवट आवडला नाही म्हणून पुन्हा शूटिंग, मग इफेक्ट घाईने, ओव्हरटाइमने. हा पैसा पडद्यावर दिसत नाही, तो अनिश्चितपणाची किंमत असते. हिशोब तपासताना असले खर्च लगेच ओळखू येतात, व्हाउचर सगळी नीट असतात आणि मिळालेलं काही नसतं.

आता चौकोन. खर्चाच्या जोडीला अजून एक रकाना मागतोय, दुसऱ्या आठवड्यातली घट. पहिला वीकेंड हा जाहिरातीचा असतो, दुसरा पिक्चरचा. 'एनीवन बट यू' नावाची प्रेमकथा २०२३ च्या डिसेंबरात आली, अडीच कोटी डॉलरची, पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत ६० लाख. मेली, असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण तोंडातोंडी झाली, पोरापोरींनी व्हिडिओ टाकले, आणि जगभरात २२ कोटींपर्यंत गेली. २०२५ चा 'सिनर्स', ९-१० कोटींचा, म्हणजे मधल्यापेक्षा जरा वरचाच पण ना कुठल्या मालिकेचा भाग ना रिमेक, पहिल्या वीकेंडला अमेरिकेत ४ कोटी ८० लाख आणि दुसऱ्याला साडेचार कोटींच्या वर. एरवी दुसऱ्या आठवड्यात निम्म्याने आकडा पडणं हे नेहमीचं मानतात, इथे पाच टक्के सुद्धा पडला नाही.

आणि गंमत म्हणजे याच 'सिनर्स'च्या वेळी हॉलिवूडच्या धंद्याच्या बातम्या देणाऱ्या 'व्हरायटी'ने पहिल्या वीकेंडच्या बातमीतच खर्च काढून दाखवला होता, की कमाई चांगली आहे पण नफा अजून लांब आहे म्हणून. त्यावर नट-दिग्दर्शक बेन स्टिलरसारखे लोक चिडले की चांगल्या सुरुवातीवर हे काय विरजण. तेव्हा मलाही प्रश्न पडला, अरे मी जे मागतोय तेच तर त्यांनी केलं, मग खटकलं का? खटकलं ते यासाठी की तो रकाना एकाच्याच वाट्याला आला. वीस कोटींवाल्यांच्या बातमीत तो इतक्या ठळकपणे येत नाही. काढायचा तर सगळ्यांचा काढा, दर सोमवारी, न बोलता, नुसता आकडा. रागवायला कुणाला जागाच राहणार नाही.

तुमच्या सिनेमाच्या पानावरची मंडळी म्हणतील की निर्माते खर्चाचा खरा आकडा कधी सांगतात का. नाही सांगत, कमी करून सांगतात, मला माहितीये. पण ब्रिटनमध्ये सरकारकडून कराची सवलत घ्यायची तर पिक्चरसाठी काढलेल्या कंपनीला हिशोब दाखल करावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो, त्या 'इंडियाना जोन्स'चा खर्च जाहीर आकड्यापेक्षा किती फुगला होता ते अशा कागदांतूनच बाहेर आलं. बाकीच्यांपुढे "अंदाजे" लिहा. सोमवारी सकाळी तुम्ही गल्ला छापता त्यात रविवारचा आकडा तरी कुठे पक्का असतो, तोही स्टुडिओने खेळ संपायच्या आत कळवलेला अंदाजच असतो, पक्का आकडा सोमवारी दुपारनंतर येतो. जमेचा अंदाज चालतो तर खर्चाचा का चालू नये.

जागेची अडचण असेल तर चौकोनाच्या डोक्यावर पहिल्या नंबरच्या पिक्चरचा फोटो असतो तो काढा. त्याचं पोस्टर तसंही मागच्या पानावर अर्धं पान जाहिरातीत असतंच. तेवढ्या जागेत दोन रकाने आरामात बसतात, मी कात्री आणि पट्टी घेऊन मोजून बघितलंय.

तुमचा,
सोमवारचा चौकोन आधी वाचणारा एक वाचक